बाहुली मोठी करून आत कोण बघतं?

वाचकांचे प्रश्न : या वेळी डोळे

गेल्या अंकात म्हटलं होतं की डोळ्यांबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रं आली त्यातली निम्मीशिम्मी एकाच प्रश्नाची, काका चांगला डोळ्यांचा डॉक्टर सांगा. नाव सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नव्हे. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे त्या मशीनवर हनुवटी टेकवली की "आता स्पष्ट का मघाशी स्पष्ट" असं विचारून डोकं खाणारा माणूस असतो ना, तो मी. तीस वर्षं तेच केलं, आधी पणजीला मग फोंड्याला, आणि डॉक्टरच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर बसून जे कळतं ते पाटीवरच्या डिग्र्या वाचून कळत नाही.

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही म्हार्दोळला राहतो. बाबा ६८ वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डायबिटीसला १२ वर्षं झाली. बाबा जत्रेच्या नाटकांना प्रॉम्प्टर असतात, ह्या वर्षी विंगेत उभं राहून वहीची दोन पानं एकदम उलटली आणि स्टेजवर राजा नुसताच उभा. तेव्हापासून त्यांनी मनाला लावून घेतलंय. एका डॉक्टरनी सांगितलं लगेच करूया, मल्टीफोकल लेन्स घाला, चष्म्याचं नावच नको. दुसऱ्यांनी सांगितलं घाई नको, सहा महिन्यांनी बघू. मामा बेळगावला असतो, तो म्हणतो इकडेच आणा. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : बाय, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात म्हणजे त्यातला एक लबाड असं काही नसतं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं, आणि ते काढायचं कधी हे बहुतेक वेळा त्या माणसाचं काय अडतंय त्यावरून ठरतं. पूर्वी "पिकू दे मग काढू" म्हणायचे, तेव्हाच्या ऑपरेशनला ते ठीक होतं, आता फेको नावाच्या ऑपरेशनमध्ये अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या चिरेतून भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि त्यात उलट पिकून दगड झालेला मोतीबिंदूच जास्त छळतो. बाबांना वही दिसत नाही म्हणजे त्यांचं अडलंय. मग सहा महिने कशासाठी, हे त्या दुसऱ्या डॉक्टरना सरळ विचार. "अजून कच्चा आहे" एवढंच उत्तर आलं तर ते पुरेसं नाही, पण "डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, आधी ती उतरू दे" असं म्हणाले तर तो माणूस सोडू नकोस.

आता मी तुला विचारतो, दोघांपैकी बाहुली कोणी मोठी केली? म्हणजे डोळ्यात थेंब घालून, ते झोंबतात म्हणून बाबा कुरकुरले, मग अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसवलं, परत थेंब, आणि मग डॉक्टरनी अंधार करून भिंगातून आत बघितलं, असं कोणाकडे झालं? त्या दिवशी बाहेर आल्यावर उन्हात डोळे उघडत नाहीत आणि कदंबा बसची पाटी समोर असून वाचता येत नाही, चार-पाच तास तसंच जातं, त्यामुळे झालं असेल तर तुमच्या लक्षात असणारच (आणि होय, त्या दिवशी पेशंटने स्कूटर चालवायची नाही, हे मी हजारदा सांगितलं आणि हजारदा लोक किक मारून गेले). १२ वर्षांचा डायबिटीस असलेल्या माणसाचा पडदा, म्हणजे रेटिना, न बघता मल्टीफोकलचं नाव काढणं म्हणजे पायाचा पत्ता नाही आणि कौलं कुठल्या रंगाची ते ठरवायचं. डायबिटीसवाल्याचा पडदा वर्षातून एकदा बघायलाच हवा, मोतीबिंदू असो नसो. गरज वाटली तर ओसीटी काढतात, पडद्याच्या थरांचा फोटो म्हण, त्यात सूज निघाली तर आधी तिचा उपचार आणि मग मोतीबिंदू, नाहीतर ऑपरेशन झकास होतं आणि माणूस म्हणतो मला तर काहीच फरक नाही.

आता लेन्सबद्दल, म्हणजे काढलेल्या भिंगाच्या जागी बसवतात त्या कृत्रिम भिंगाबद्दल. मल्टीफोकल वाईट नसते, ज्याला जमते तो खूश असतो, पण ती आत आलेला उजेड लांबच्या आणि जवळच्या कामाला वाटून देते, त्यामुळे अंधुक उजेडात अक्षराचा काळेपणा थोडा उतरतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. आणि आपले बाबा कुठे वाचतात? विंगेत, बॅटरीच्या उजेडात, समोरून स्टेजचे लाइट डोळ्यावर. त्यात डायबिटीस. मला विचारशील तर साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची, घाला आणि वाचायला चष्मा ठेवा, पण शेवटचं पडदा बघितलेल्या डॉक्टरनी सांगायचं. एक कर, ती नाटकाची वही दवाखान्यात घेऊन जा. बाबांना विंगेत धरतात तशी धरायला सांग, टेपने डोळ्यापासून वहीपर्यंत मोज आणि तो आकडा डॉक्टरना सांग. पुस्तक माणूस फूटभरावर धरतो, प्रॉम्प्टरला नटाकडेही बघायचं असतं म्हणून तो वही हातभर लांब, छातीच्या खाली धरतो, आणि चष्म्याचा नंबर त्या अंतराला वेगळा निघतो. मी एका भटजींना पोथीच्या अंतराचा चष्मा करून दिला होता, त्याआधी त्यांनी तीन चष्मे केलेले आणि तिन्ही "चुकीचे". एकही चुकीचा नव्हता, फक्त त्यांना चौरंगावरची पोथी मांडी घालून वाचायची असते हे कोणी विचारलंच नव्हतं. जो डॉक्टर वही बघून हसत नाही, उलट उघडून बघतो अक्षर केवढं आहे ते, त्याच्याकडे माझं मत जास्त झुकतं.

ब्लेडलेस, रोबोटिक असे बोर्ड दिसतील. साध्या मोतीबिंदूत फेम्टो लेझरने नजर फेकोपेक्षा चांगली येते असं काही दिसलेलं नाही, बिल मात्र चांगलं येतं. मशीन विचारण्यापेक्षा हे विचार, ऑपरेशन स्वतः तुम्हीच करणार ना? आणि दुसऱ्या दिवशी पट्टी उघडताना कोण असणार? आपल्याकडे काही ठिकाणी सर्जन आठवड्यातून एकदा बाहेरून येतात, दहा ऑपरेशनं करून रात्री परत जातात. हात चांगला असेल त्यांचा, पण पाचव्या रात्री डोळा लाल झाला, ठणकायला लागला, दिसायचं कमी झालं तर ते डोळ्यात जंतू गेल्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे तास मोजायचे असतात, तेव्हा फोन कोण उचलणार? तो नंबर ऑपरेशनच्या आधी घ्या आणि एकदा रात्री लावून बघा. हो, खरंच लावून बघा.

म्हणूनच मामाच्या बेळगावबद्दल मी जरा का-कू करतो. तिथे चांगले सर्जन आहेत, आपल्याकडचे कितीतरी लोक जातात. पण दुसरा दिवस, मग आठवडा, मग महिना अशा तपासण्या असतात, थेंब महिना-दीड महिना चालतात, आणि दुसरा डोळा परत वेगळा. पावसात चोर्ला घाटातून डोळ्याला शील्ड लावून किती फेऱ्या मारणार? बाबा मामाकडे महिनाभर राहायला तयार असतील तर जा. राहणार नाहीत हे मला इथे बसून दिसतंय.

आणि एक विसरू नका. बाबांना लघवीसाठी, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का? त्यात टॅम्सुलोसिन असेल तर ऑपरेशन करताना बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस, रेटिना नव्हे) ढिला पडू शकतो, सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीत राहतो. बंद करून उपयोग नाही, पूर्वी घेतली असली तरी सांगायची. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून नेल्या की काम झालं.

पैशाचं थोडक्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल (तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंत कव्हर) तर हे हॉस्पिटल आणि हीच प्रोसीजर त्यात बसते का ते काउंटरवर विचारून घ्या, "कार्ड चालतं" एवढ्यावर थांबू नका. मेडिक्लेम असेल तर बहुतेक पॉलिसीत मोतीबिंदूला पहिली दोन वर्षं मिळत नाहीत आणि महाग लेन्सचा फरक खिशातून जातो. गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हटलं की लोक गर्दीचं तोंड करतात, गर्दी असतेच, पण डायबिटीसचा पडदा बिघडलेला, जोडीला हार्ट, किडनी असं सगळं एकत्र असेल तर बांबोळीला एका छपराखाली सगळे विभाग आहेत हे लक्षात ठेवा. शिकाऊ डॉक्टर करतील का अशी भीती असते, तर विचारा, वर कोण सिनियर उभा असणार. विचारायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन एका खाजगी ठिकाणी ठरलं, एक डॉक्टर तपासायचे, त्या दिवशी वेगळेच आले आणि बिलात पॅकेजच्या वर १८ हजार लावले, लेन्स "अपग्रेड" केली म्हणून. आम्हाला कोणी विचारलंही नाही. आता काय करता येईल? (डिचोलीहून)

उत्तर : ताई, राग येणारच. आधी कागद गोळा करा. लेन्सच्या डबीवर स्टिकर असतो, त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि सिरियल नंबर असतो, तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला असायला हवा. नसेल तर मागा. त्यावरून कळेल "अपग्रेड" म्हणजे नक्की काय घातलंय. कन्सेंट फॉर्मची कॉपी आणि केसचे सगळे कागद लेखी अर्ज करून मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचा नियम आहे. त्यावर सर्जनचं नाव कोणाचं आणि सही कोणाची हे बघा. मग बोला, नाही ऐकलं तर डॉक्टरच्या वागण्याची तक्रार गोवा मेडिकल कौन्सिलकडे आणि पैशाची ग्राहक आयोगाकडे. दुसरा डोळा बाकी असेल तर या वेळी सर्जनचं नाव, लेन्सचं मॉडेल आणि एकूण आकडा एका कागदावर लिहून घ्या. सासूबाईंना आता नीट दिसतंय ना, ते तुम्ही लिहिलंच नाही.

प्रश्न : चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर फुकट तपासणी होते, मी दरवर्षी तिथे नंबर काढते. तेवढं पुरतं की डॉक्टरकडे जायलाच हवं? वय ५१. (मडगाव)

उत्तर : याचं उत्तर द्यायला मला आमच्या आईबद्दल सांगायला लागेल, आणि ते सांगायला मला आवडत नाही.

आईचा नंबर दर दोन वर्षांनी मीच काढायचो. घरचाच माणूस, दुकानदाराकडे कशाला. तक्त्यावरची शेवटची ओळ ती धडाधड वाचायची आणि मी म्हणायचो आये तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले. मग एका गणेश चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधताना ती स्टुलावरून खाली उतरली आणि बाजूला ठेवलेल्या तांब्यावर पाय दिला. आम्ही हसलो. मग दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला, नेहमी डावाच. मग एकदा चहा गाळताना कपाच्या बाजूला ओतला. तरी मी काय केलं, तर तिचा नंबर परत काढला, आणि परत सगळं स्पष्ट, कारण काचबिंदू बाजूची नजर आधी खातो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. मधे एका ठिकाणी दाखवलंही होतं, तिथे फक्त डोळ्याचं प्रेशर बघून नॉर्मल आहे म्हणून पाठवलं. काचबिंदूत प्रेशर नॉर्मलसुद्धा असू शकतं, ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. शेवटी ज्या बाईंकडे नेलं त्यांनी थेंब घातले, आत बघितलं, मग परत बघितलं, मग खुर्ची मागे सारून मला विचारलं, तुम्ही ह्याच लाइनमध्ये ना? दोन्ही डोळ्यांच्या नसा पोखरलेल्या होत्या. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. थेंब चालू झाले, आई पुढे नऊ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत पेपर वाचत होती, पण अंगणात एकटीने उतरायचं तिने सोडलं.

तेव्हा, नाही, पुरत नाही. कॉम्प्युटर नंबर सांगतो. नस आणि पडदा बघायला माणूस लागतो. दुकानात डिग्री असलेला ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर नंबरसाठी खुशाल जा, आमच्या लोकांचं काम चांगलं असतं, पण चाळिशीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे, म्हणजे डोळ्यांच्या विषयात एमएस, डीएनबी किंवा डीओ असलेल्याकडे, प्रेशर आणि नस बघून घ्या. आणि आई-वडील, भावंडांत कोणाला काचबिंदू असेल तर "मला तर सगळं दिसतं" असं म्हणत बसू नका. मी आता दरवर्षी जातो, त्याच बाईंकडे.

प्रश्न : वय २१, वास्कोला राहतो, नंबर मायनस ५. क्रूझवर नोकरीला जायचंय म्हणून लॅसिक करायचंय. दोघांनी हो म्हटलं, तिसऱ्यांनी नको म्हटलं. ऑफर महिनाअखेरपर्यंत आहे.

उत्तर : ऑफर महिनाअखेरपर्यंत आहे, डोळे त्याच्या पुढेही लागणार आहेत. नको म्हणणाऱ्याकडे परत जा आणि का ते विचार. नंबर वर्षभर स्थिर हवा, अर्ध्यापेक्षा जास्त हललेला नको. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असशील तर तपासणीच्या आधी डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद, साध्या सॉफ्ट लेन्स असल्या तरी निदान एक-दोन आठवडे, नाहीतर माप चुकतं, आणि ज्यांनी लेन्स काढून लगेच मशीनवर बसवलं त्यांचा हो मी धरणार नाही. बुबुळ, म्हणजे डोळ्याची पुढची काच (कॉर्निया), पातळ असेल किंवा पुढे सुईसारखं निघायला लागलं असेल, त्याला केराटोकोनस म्हणतात, तर लॅसिकने ते आणखी बिघडतं, त्यासाठी कॉर्नियाचा नकाशा काढतात, तो आणि पडद्याची तपासणी दोन्ही झाले का ते बघ. डोळे सारखे चोळायची सवय असेल तर ते आपणहून सांग. मायनस ५ ला मेडिक्लेम मिळणार नाही, साडेसातच्या खाली नंबरचं ऑपरेशन पॉलिसीत नसतं. आणि पैसे भरायच्या आधी कंपनीच्या मेडिकलला लॅसिक चालतं का आणि झाल्यावर किती महिन्यांनी, हे एजंटाच्या तोंडी नको, लेखी आण. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, होणाऱ्या पोरांना मी हे किती वेळा सांगितलंय.

प्रश्न : मुलगी ५ वर्षांची, टीव्ही जवळून बघते, दुकानात प्लस नंबर निघाला आणि चष्मा करून दिला, ती घालतच नाही. (साखळी)

उत्तर : इतक्या लहान पोरांचा नंबर थेंब न घालता काढायचा नसतो, त्यांचे डोळ्याचे स्नायू इतके जोरात असतात की मशीनलाच फसवतात. मुलांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरकडे ने, तिरळेपणा आणि एक डोळा आळशी आहे का ते बघतील. आळशी डोळा असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून काम होतं, पण ते सात-आठ वर्षांच्या आत जितकं लवकर तितकं बरं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नकोस. घरी एक करून बघ, खेळता खेळता एकेक डोळा हाताने झाक. एका बाजूला झाकल्यावर गप्प खेळली आणि दुसऱ्या बाजूला हात ढकलून रडली तर हे डॉक्टरना आधी सांग.

प्रश्न : भात झोडताना डोळ्यात कूस (कुसळ) गेलं, चार दिवस झाले, लाल आहे आणि पाणी येतं. फार्मसीतून थेंब आणले त्याने दोन दिवस बरं वाटलं, आता परत दुखतंय आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. कोणत्या डॉक्टरकडे जाऊ? (पेडणे)

उत्तर : तुम्हाला संपादकांनी फोन करून आधीच सांगितलंय, तरी बाकीच्यांसाठी लिहितो. इथे डॉक्टर निवडत बसायचं नाही, जो डोळ्यांचा डॉक्टर आज बसलाय त्याच्याकडे आज जायचं, कोणी नसेल तर म्हापशाला जिल्हा हॉस्पिटल नाहीतर बांबोळी. भाताचं कूस, पाती, नारळाची काथी लागून बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते, आणि फार्मसीतल्या थेंबात स्टेरॉइड असेल तर आधी लाली उतरून बरं वाटतं आणि आत बुरशी पसरते. तुमचे "दोन दिवस बरं वाटलं" तेच असू शकतं. ती थेंबांची बाटली फेकू नका, खिशात घालून न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. डोळ्यावर पट्टी बांधू नका, कुळागरातल्या कुठल्या पाल्याचा रस घालू नका. आणि जाताना बरोबर कोणाला तरी घ्या, गाडी त्याला चालवू दे.